नऊवारीवरचं माप

या, असे जवळ येऊन बसा. मागे खांबाला टेकून बसलेत त्यांनीही पुढे सरकावं. सतरंजी मोठी आहे. आज एक गोष्ट ऐकवायची आहे. अर्धी देवळात घडली आणि अर्धी सरकारी कचेरीत, त्यामुळे ऐकताना कधी हात जोडावेसे वाटतील आणि कधी कपाळावर हात मारून घ्यावासा वाटेल. दोन्हीची तयारी ठेवा. सुंठवड्यात साखर असते तशी सुंठही असतेच.

अंबरनाथ पूर्वेला मालिनीबाई राहायच्या. यजमान श्यामकांत कारखान्याच्या भोंग्याला घर सोडायचे आणि कचेऱ्यांची दारं बंद झाल्यावर परतायचे, म्हणून जगातल्या सगळ्या कचेऱ्या मालिनीबाईंच्या वाट्याला आलेल्या. एकुलती एक मुलगी, वृंदा. ती लहान असताना ताप आला, ताप गेला, आणि जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पोलिओ. तेव्हापासून पोरीच्या हातात काठी आणि आईच्या हातात पोरीचा पदर. म्हणजे असं, की कोणी समोरून आलं की मालिनीबाई चटकन तो पदर, ओढणी, जे असेल ते पुढे ओढून पाय झाकायच्या. इतकी वर्षं झाली, त्यांना स्वतःलाही ते कळत नसे.

पण देवानं घेताना हात आखडला नाही तसा देतानाही आखडला नव्हता. वृंदाचा गळा! बदलापूरच्या शिवरामबुवांकडे ती कीर्तन शिकायला जाऊ लागली आणि बुवा म्हणाले, "मालिनीताई, ही गाते तेव्हा पेटीवाला सूर शोधत नाही, हिच्यामागून चालतो." कॉलेज संपेस्तोवर पूर्वरंग, आख्यान सगळं तिच्या जिभेवर आलं. गल्लीतल्या राममंदिरात बसून एक-दोन पदं तिनं म्हटली, तर बायका आरतीचं तबक हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा देवळाचे प्रमुख विष्णुपंत तिला म्हणाले, "पुढच्या रामनवमीच्या उत्सवात एक दिवस तुझा. पण पोरी, नारदाची गादी आहे. तिथे बसून कीर्तन होत नाही. आणि एका हातात काठी घेऊनही होत नाही. झांजा कशानं वाजवशील? उभी राहा, दोन्ही हात मोकळे ठेव, मी स्वतः तुला हार घालीन."

माणूस वाईट नव्हता. नियमाचा होता.

झालं, मालिनीबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: पुढच्या रामनवमीला वृंदा दोन्ही हात मोकळे ठेवून उभी राहिली पाहिजे. डॉक्टर म्हणाले, त्याला कॅलिपर लागेल. पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याला खटका, खाली बूट. खटका लावला की पाय खांबासारखा ताठ. विकत घ्यायचं तर श्यामकांतांच्या पगारात बसणारं नव्हतं. पण सरकारची योजना होती. अपंगांना साधनं फुकट. उन्हाळ्यात बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात मापं घेणार होते.

त्या दिवशी वृंदा बुवांच्या शिकवणीवरूनच परस्पर तिथे आली. बुवांचा दंडक असा, की मुलींनी सरावालाही नऊवारीच नेसायची. कासोट्याची सवय अंगी लागली पाहिजे. तेव्हा वृंदाही नऊवारीत.

मंगल कार्यालयात गर्दी म्हणजे लग्नालाही एवढी नसेल. मधोमध एक बाकडं, बाकड्यापाशी टेप घेतलेला एक तरुण, आणि सभोवती चार गावांची माणसं. यांच्या पुढे रांगेत गंगू होती. वांगणीची, शेतावर मजुरी करणारी. जखम चिघळून उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला, काखेत बांबूची कुबडी. तिचा नंबर आला तशी ती बाकड्यावर बसली, लुगडं वर सारलं आणि म्हणाली, "घे रं बाबा माप, बेस लावून घे. पायच नाय तं लाज कशावर ठेवू?"

दोन-चार पुरुष हसले. मालिनीबाईंनी मान फिरवली. आणि वृंदाचा नंबर आला.

"ताई, साडी जरा वर घ्या," टेपवाला म्हणाला.

"इथे?" मालिनीबाई. "सगळ्यांसमोर? बाईमाणूस नाही का तुमच्यात?"

"सरकारनं नेमलं नाही."

"पडदा तरी लावा."

"पडदा होता. मागच्या गावी राहिला."

"मग साडीवरूनच घ्या."

"अहो, कातडीला लागून घ्यावं लागतं. साडीवरून सैल होईल."

"आई, तो म्हणतोय तसं घेऊ दे ना," वृंदा म्हणाली.

"तू गप्प बैस. अंदाजानं दोन बोटं कमी धरतील. शिंपी नाही का धरत?"

टेपवाल्याच्या मागे अजून अर्धं कार्यालय रांगेत होतं. त्यानं खांदे उडवले, आणि नऊवारीच्या सगळ्या चुण्यांसकट मांडीभोवती टेप फिरवली. दोन बोटंही कमी धरली नाहीत.

दोन महिन्यांत येणार होतं ते माघात आलं. पुन्हा तेच मंगल कार्यालय, ह्या वेळी बाकड्याच्या जागी व्यासपीठ, हार, फोटोवाला. (पडदा ह्या वेळी होता, हे लक्षात घ्या. व्यासपीठाच्या मागे, मखमली.) 'साधन मिळाले, समाधानी आहे' असं छापलेल्या कागदावर आधी सही, मग पुडकं हातात. उघडून बघायची सोय नव्हती, कारण मागच्याचा फोटो व्हायचा होता.

घरी आल्यावर वृंदानं परकर सारून पट्टे आवळले. शेवटच्या भोकापर्यंत आवळले. उभी राहिली. मांडीचा पट्टा गुडघ्यावर आला, गुडघ्याचा खटका पोटरीवर आला. मालिनीबाईंनी जुन्या चादरीच्या घड्या करून आत कोंबल्या. वृंदानं पाऊल उचललं, घड्या सरकल्या, आणि पोर भिंतीवरून घसरत खाली आली. ओठ फुटला.

रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, सैलच आहे गं." 'मी सांगत होते' असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मालिनीबाईंना वाटलं.

उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू नाही आणि दुरुस्त होत नाही असं काही नाही. मालिनीबाई कॅलिपर पिशवीत घालून एका सिंधी कारागिराच्या दुकानात गेल्या. चामड्याचे पट्टे, पर्स करणारा. त्यानं वस्तू उलटसुलट पाहिली, पट्टीवर कोरलेला शिक्का पाहिला आणि काउंटरवर अशी ठेवली जशी काही तापलेली आहे.

"भाभीजी, ये तो सरकारी ठप्पा है. काटूंगा तो मेरा हाथ कटेगा."

"अहो, दोन इंच कमी करायचंय फक्त!"

"आप पर्स बनवाओ, बेल्ट बनवाओ, मैं ना नहीं बोलूंगा. ये नहीं. पहले एक बार सरकारी व्हीलचेअर को तेल डाला था, तो भी पूछने आ गए."

मग उरली ती कचेरी, तिथेच उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात. मालिनीबाईंनी वृंदालाही बरोबर घेतलं. कारकुनाचं नाव हरिचंद्र. चेहरा गरीब, पुढ्यात चहाचा अर्धा कप, त्यावर बशी.

"बसत नाही," मालिनीबाईंनी कॅलिपर टेबलावर ठेवलं. "बदलून द्या."

"तीन वर्षांनी या."

"काय?"

"एका माणसाला तीन वर्षांत एक साधन. नियम आहे, बाई."

"पण हे साधन हिला लागूच होत नाही! म्हणजे मिळालंच नाही ना?"

"मिळालं. सही आहे. समाधानी आहात तुम्ही."

"मी समाधानी दिसते का तुम्हाला?"

हरिचंद्रनं वर बघितलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "नाही दिसत. पण बाई, मी लिहू कुठे? हे बघा, हा रकाना 'हरवले' याचा. हा 'मोडले' याचा. 'बसत नाही' असा रकानाच नाही." मग इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, "एक करा. मोडून आणा. एका पट्टीवर दगड घाला. मोडलं म्हटलं की मला पुढे पाठवता येतं. पोलीस चौकीतून एक दाखला आणायचा, 'अपघातात मोडले', बास."

"आणि मग कधी मिळेल?"

"ते पुढच्या मापाच्या वेळी."

"रामाच्या देवळात उभं राहायचंय हिला," मालिनीबाईंचा आवाज चढला, "आणि त्यासाठी मी धडधाकट वस्तू दगडानं फोडू, आणि चौकीत जाऊन खोटं सांगू? तुमच्या योजनेत खरं बोलणाऱ्याला एखादा रकाना आहे का हो?"

"नवीन फॉर्म छापून येणार आहेत म्हणतात," हरिचंद्र म्हणाला, आणि बशी काढून तो चहा प्यायला. चहा केव्हाच गार झाला होता.

मालिनीबाई बाहेर बाकावर येऊन बसल्या. रामनवमी महिन्यावर आली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोण, तर गंगू. तीच कुबडी, तेच लुगडं.

"आलं का गो बाय तुमचं?" तिनं विचारलं. "माझा पाय काय आला नाय. इचारलं तं बोल्तात, कागद ठाण्याला गेलेत. म्हटलं, कागदांना पाय हायेत, ते गेले. मी कशी जाऊ?"

वृंदा फिसकन हसली. तेवढं हसू बऱ्याच दिवसांनी आलं होतं. मालिनीबाईंना मात्र हसवेना. त्यांनी सगळा पाढा वाचला: माप, चुण्या, पट्टा, शिक्का, रकाना.

गंगूनं पिशवीतलं कॅलिपर काढून मांडीवर घेतलं. पट्ट्यावरून हात फिरवला. दुसऱ्याचं पोर मांडीवर घ्यावं तसं तिनं ते घेतलं होतं, ते बघून वृंदाला कसंसंच झालं.

"माप कशाव घेतलंन?" गंगूनं विचारलं.

"साडीवर. नऊवारीवर," वृंदा म्हणाली.

"आन् घालतीस कुठं?"

"आतून. साडीच्या आत."

"आग माझे आये! लुगड्याव माप घेतलंन तं लुगड्यावच बसंल ना!"

"वरून?" मालिनीबाई दचकल्या. "म्हणजे सगळं लोखंड लोकांना दिसणार?"

"दिसंल तं दिसंल. माझा नसलेला पाय अख्खी वांगणी बघते. तुझ्या पोरीचा असलेला बघतील. त्यात काय बिघाडलं?"

परतीच्या वाटेवर मालिनीबाईंचा हात दोनदा वृंदाच्या पदराकडे गेला आणि दोनदा मागे आला.

त्या संध्याकाळी वृंदा नऊवारी नेसली. कासोटा घट्ट घातला, आणि वरून कॅलिपर चढवलं. मांडीचा पट्टा चुण्यांवर असा बसला जसा कमरपट्टा बसावा. कट्, खटका लागला. काठी भिंतीला लावून ठेवली. आणि ती उभी राहिली. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आई, झांजा दे."

मालिनीबाईंनी झांजा दिल्या. त्या छण्‌ वाजल्या आणि श्यामकांत, नुकतेच कारखान्यातून आलेले, डबा हातात घेऊन दारातच उभे राहिले. मालिनीबाईंनी एवढंच म्हटलं, "पदर थोडा पुढे सोडलास तर..."

"आई, पदर खोचूनच उभं राहतात."

आता वाटेल, झालं. कसलं झालं! कॅलिपरला खाली बूट होता. चामड्याचा. आणि वर नारदाची गादी.

विष्णुपंतांच्या घरी बैठक बसली. तबलजी बबनही होता. हा दिवसा काडेपेटीच्या कारखान्यात आणि संध्याकाळी देवळात. विष्णुपंतांनी कॅलिपर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"वृंदा, तुझ्यासाठी माझा जीव तुटतो. पण पायताण घालून देवळात? आणि गादीवर? माझ्या हयातीत नाही."

"पायताण रस्त्यानं मळतं म्हणून बाहेर काढतात ना, काका?" वृंदा म्हणाली. "हा बूट रस्त्याला लागलेलाच नाही. सैल होता म्हणून घराबाहेर गेलाच नाही. गेला तो पिशवीतून. यापुढेही गादीवरच घालीन, दुसरीकडे कुठे नाही."

"तरी पायताण ते पायताण."

"काका, मी आख्यान कुठलं लावणार आहे, विचारलं नाहीत?"

"कुठलं?"

"भरतभेट. चौदा वर्षं अयोध्येच्या गादीवर काय होतं?"

विष्णुपंत सावरून म्हणाले, "त्या पादुका. आणि चामड्याच्या नव्हत्या."

"असं कसं, पंत!" बबन इतका वेळ सुपारी कातरत होता. "मी तीस वर्षं रामासमोर काय वाजवतोय? केळीचं पान ताणलंय का तबल्यावर? चामडं देवळात चालत नसेल तर आधी मला बाहेर काढा. ती बोलते तेव्हा देव ऐकतो, मी वाजवतो तेव्हा शेजारचे उठतात."

विष्णुपंतांच्या मिशीत काहीतरी हललं. ते उठले, आतून गोमूत्राचं भांडं आणलं, बुटावर शिंपडलं, आणि वर थोडा बुक्का लावला. "गादीपर्यंत पिशवीतून आणायचा," ते म्हणाले. "आणि कीर्तन चुकलं तर चामड्याला बोल लावायचा नाही."

उत्सवातला तो दिवस उजाडला. सभामंडप भरला. वृंदा काठी टेकत आली, गादीच्या कडेला बसली, पिशवीतून कॅलिपर काढलं आणि सगळ्यांदेखत, निवांतपणे, एकेक पट्टा आवळला. मालिनीबाई बायकांमध्ये पुढेच होत्या. हात पदराकडे जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्याच मांडीखाली दाबून ठेवला होता. कट्. वृंदा उभी राहिली. आणि पहिल्या आलापाला सगळ्यांच्या माना लोखंडावरून वर गळ्याकडे गेल्या त्या परत खाली आल्याच नाहीत.

पूर्वरंग संपला. मध्यंतराला बुक्का लावायची वेळ झाली. विष्णुपंतांनी शब्द दिल्याप्रमाणे हार घातला, आणि मग जाहीर केलं, की उल्हासनगरच्या त्याच कचेरीचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले आहेत, ते दोन शब्द बोलतील. उत्सवाला पाहुणा लागतो. तो कुठला आणावा याचा विचार पंतांनी फारसा केला नव्हता.

साहेब उभे राहिले. "रामभक्तहो, आज शासनाच्या योजनेचं सार्थक झालं. हे साधन पाहा. कसं अंगाबरोबर बसलं आहे! माप घ्यावं तर असं. नऊवारीवरसुद्धा चपखल बसतं, हे आमच्या विभागाचं वैशिष्ट्य आहे."

मालिनीबाईंनी मांडीखालचा हात काढला. त्या उभ्या राहिल्या. भर कीर्तनात, पाहुण्यांना, बाईनं उभं राहून विचारणं त्या देवळात कोणी पाहिलं नव्हतं.

"साहेब, एक विचारू? हिचं माप चुकीचं घेतलं. चूक माझी, आणि पडदा विसरणाऱ्यांचीही. ते चुकीच्या मापाचं तरी आलं. मागे शेवटच्या खांबापाशी गंगूताई बसल्यात, वांगणीहून आल्यात. त्यांचं माप कातडीला लागून घेतलं होतं. अगदी बरोबर. मी तिथे होते. त्यांचा पाय कुठे आहे?"

सगळा मंडप मागे वळला. गंगूनं कुबडी जरा लपवली. कधी नव्हे ती लाजली.

"त्याची नोंद घेऊ," साहेब म्हणाले. "त्यांनी लेखी अर्ज द्यावा."

"दिलं चार," मागून गंगूचा आवाज आला. "पाचवा रामाच्या पायाशी ठेवू का? त्याला तरी पाय हायेत."

हशा पिकला. साहेबही हसले, कारण हसण्यावाचून दुसरा रकाना नव्हता. आणि हसू ओसरायच्या आतच गादीवरून झांज वाजली. वृंदानं आख्यान उचललं.

"श्रोतेहो, भरतानं चौदा वर्षं वाट पाहिली. वल्कलं नेसला, जमिनीवर निजला. पण त्याला एक सुख होतं. राम येणार, आणि कधी येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं." तिनं साहेबांकडे पाहिलं, रागानं नाही, कीर्तनकार जसा समोरच्याकडे पाहतो तसं. "आमच्या गंगूमावशीला तेवढं तरी सांगा."

बबननं समेवर थाप दिली. साहेब आरतीपर्यंत थांबले नाहीत. विष्णुपंत थांबले. शेवटी सगळे कीर्तनकाराच्या पाया पडायला आले, तेव्हा म्हातारा वाकला आणि त्यानं बुक्का लागलेल्या बुटालाच हात लावला. मालिनीबाई तेव्हा पाहत होत्या. त्यांनी काही झाकलं नाही.

त्यापुढे वृंदानं खूप कीर्तनं केली, त्याच कॅलिपरवर, नऊवारीवरून. तीन वर्षं झाल्यावर नवीन मापाचा निरोप आला, आणि ह्या खेपेला बाईही नेमली होती, पडदाही होता. वृंदा म्हणाली, एक गादीसाठी आहे, एक रस्त्यासाठी कातडीवरून घ्या. तर म्हणाले, जुनं परत करा. एका माणसाला एकच. तिनं गादीचं ठेवलं. रस्त्यावर ती काठी टेकतच चालते. काय बोलणार? बोलून बोलून मालिनीबाईंचा घसा बसला.

गंगूचा पाय मात्र आला नाही. साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांनी नव्यानं अर्ज मागितला. ती दरवर्षी वांगणीहून रामनवमीला यायची, शेवटच्या खांबापाशी बसायची, वृंदा कुठे चुकते का बघायची, आणि सुंठवडा घेऊन जायची.

वृंदाला आठवायला कोणी सांगावं लागत नाही. तिच्यामागे गळा आहे, गादी आहे, हार आहेत. तेव्हा आरती झाली, प्रसाद हातावर पडला, की घास तोंडात टाकण्याआधी एवढं करा: वांगणीच्या गंगूची आठवण काढा. तिचं माप बरोबर होतं.